इस्तंबूलचा छपराखालचा बाजार: काय घ्यावे आणि कुणाकडून घ्यावे?

मृदगंध (धागा सुरू करताना)

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे अकरा दिवस इस्तंबूलला होतो आणि त्यांतले चार दिवस मी कापाली चार्शीत काढले. तुर्की भाषेत कापाली म्हणजे झाकलेला आणि चार्शी म्हणजे बाजार. सहल कंपन्यांच्या पत्रकांत त्याचे नाव ग्रँड बझार असे छापलेले असते. या बाजाराविषयी मराठीत जे काही वाचायला मिळते, त्यात बहुधा एकच सल्ला असतो, तो म्हणजे दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून घासाघीस सुरू करावी. हा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण निम्म्या किमतीत पदरात पडलेली वस्तू मुळात कुठे बनली आणि कुणी बनवली, हा प्रश्न त्यात येतच नाही. त्यासाठी हा धागा काढत आहे.

सुलतान दुसरा मेहमेद याने १४५३ मध्ये शहर जिंकले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच या बाजाराच्या गाभ्याचे बांधकाम सुरू केले. १४६०-६१ च्या हिवाळ्यात ते पूर्ण झाले आणि त्याचे उत्पन्न आयासोफियाच्या देवस्थानाला, म्हणजे तेव्हाच्या मशिदीला, लावून दिले गेले. या गाभ्याला जेवाहिर बेदेस्तेन म्हणतात. बेदेस्तेन या शब्दाच्या मुळाशी 'बझ्झाझ' म्हणजे कापडाचा व्यापारी आहे, आणि आपल्याकडचा 'बजाज' हा शब्दही तिथूनच आलेला आहे. पंधरा घुमटांची ही जाड भिंतींची दगडी वास्तू रात्री कुलूपबंद होत असे आणि शहरातले मौल्यवान सामान तिथे ठेवले जाई. पुढे बुर्सा शहरातल्या एका कापडाच्या नावावरून ओळखला जाणारा वीस घुमटांचा सांदाल बेदेस्तेन बांधला गेला. या दोन बेदेस्तेनांच्या भोवती दुकाने वाढत गेली, दुकानांमधल्या वाटांवर आधी कापडी आणि लाकडी आडोसे आणि नंतर विटांच्या कमानी आल्या, आणि आज जी ६१ गल्ल्यांची व सुमारे ४,००० दुकानांची एकसंध वस्ती दिसते ती तयार झाली. आगी आणि भूकंप तर कितीतरी झाले. १८९४ च्या भूकंपात बाजाराची फार मोठी हानी झाली आणि दुरुस्तीनंतर त्याचा विस्तार आधीपेक्षा कमी उरला. शेवटची मोठी आग १९५४ ची होती.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते गल्ल्यांच्या नावांनी. काल्पाकचिलार म्हणजे केसाळ टोप्या करणाऱ्यांची गल्ली, तेरलिकचिलर म्हणजे सपाता करणाऱ्यांची, आयनाजिलार म्हणजे आरसेवाल्यांची, पुस्कुलजुलेर म्हणजे गोंडे वळणाऱ्यांची. पुण्यात तांबट आळी आणि कासार आळी जशी, तशीच ही नावे आहेत. फेसचिलर ही फेझ टोप्या करणाऱ्यांची गल्ली. नोव्हेंबर १९२५ च्या कायद्याने तुर्कस्तानात फेझ घालण्यावर बंदी आली आणि एका गल्लीचा सबंध धंदाच बसला. काल्पाकचिलारवर आज सोन्याच्या दुकानांची रांग आहे. पाट्या तशाच राहिल्या आहेत आणि खालचे हात बदलले आहेत.

पर्यटक ज्या मुख्य गल्ल्यांतून फिरतो तिथे मांडलेल्या मालापैकी पुष्कळसा माल या बाजारात बनलेला नसतो, काही तर तुर्कस्तानातही बनलेला नसतो. हे पाहून पहिल्या दिवशी माझा विरस झाला होता. दुसऱ्या दिवशी मात्र बाजाराच्या कडेने असलेल्या 'हान' नावाच्या वास्तूंत मी शिरले आणि सगळे चित्र पालटले. हान म्हणजे मध्ये चौक, भोवती दोन मजली ओवऱ्या आणि प्रत्येक ओवरीत एक गाळा. पूर्वी व्यापारी तिथे मालासह मुक्काम करत, आता तिथे कारागीर बसतात.

बाजाराच्या माहमुतपाशा दाराच्या बाजूला असलेल्या काल्जिलार हानमध्ये वरच्या मजल्यावर एका गाळ्यात साठीचे एक गृहस्थ चांदीच्या पत्र्यावर ट्यूलिपची वेल उठवत होते. पत्रा राळेच्या काळ्या थरावर बसवलेला होता. डाव्या हातात बोटभर लांबीचा पोलादी ठसा, उजव्या हातात चपट्या तोंडाची लहान हातोडी, आणि प्रत्येक दोन ठोक्यांमध्ये ठसा केसभर पुढे सरकत होता. एका पाकळीला मी मोजलेले ठोके सत्तरच्या पुढे गेले. थोड्या वेळाने त्यांनी पत्रा दिव्याच्या ज्योतीवर धरून राळेपासून सोडवला, उलटा केला आणि तीच पाकळी मागच्या बाजूने पुन्हा हाती घेतली. मी त्यांच्याकडून तळहाताएवढी एक डबी घेतली. किंमत त्यांनी तराजूत वजन करून आणि कामाचे दिवस जोडून सांगितली आणि मी ती कमी करून मागितली नाही.

ज्यांनी तिथून काही आणले असेल, किंवा जे जाणार असतील, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

करवंद

फार उपयोगी धागा आहे. आम्ही एप्रिलच्या अखेरीस जाणार आहोत. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असतील आणि बाजारासाठी एकच पूर्ण दिवस मिळणार आहे. त्यांना गर्दीत फार वेळ उभे राहवत नाही, परंतु हस्तकलेची त्यांना मनापासून आवड आहे. कोणत्या दाराने आत जावे, किती वाजता जावे आणि बसायला जागा मिळते का, हे कुणी सांगू शकेल का?

पैलतीर

मी सहा वर्षे इस्तंबूलमध्ये राहतो आणि माझे कार्यालय बाजारापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, म्हणून उत्तर देतो.

रविवारी बाजार बंद असतो. धार्मिक सणांना आणि राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशीही तो बंद असतो, म्हणून एप्रिलच्या अखेरीस येताना २३ एप्रिल आणि १ मे या दोन्ही सुट्ट्या लक्षात ठेवाव्यात. सकाळी नऊच्या सुमारास पोहोचल्यास दोन तास तरी गल्ल्या मोकळ्या मिळतात. पहिल्या क्रमांकाच्या ट्रामने चेंबरलिताश थांब्यावर उतरावे आणि नूरुओस्मानिये मशिदीच्या अंगणातून बाजाराच्या त्याच नावाच्या दाराशी यावे. हा रस्ता सपाट आहे. बेयाझित थांब्याकडून आल्यासही मुख्य गल्लीच लागते. माहमुतपाशाच्या दाराबाहेरचा उतार मात्र तीव्र आहे आणि तिथे स्थानिक खरेदीदारांची एवढी रेटारेटी असते की सासूबाईंना तिकडून नेऊ नये.

बसण्यासाठी झिंजिर्ली हान उत्तम. बाजाराच्या आतच एका टोकाला हा लहान, फिकट गुलाबी रंगाचा चौक आहे, मध्ये संगमरवरी कारंजे आहे, आणि बाहेरच्या गल्लीतला गोंगाट तिथे पोहोचत नाही. कोणत्याही दुकानात दहा मिनिटे थांबलात तर चहा येतोच. चहा घेतला म्हणजे वस्तू घ्यायलाच हवी असे बंधन मानू नये, दुकानदारही तसे मानत नाहीत.

लवकर जाण्याचे आणखी एक कारण आहे. दिवसाच्या पहिल्या विक्रीला इथे 'सिफ्ताह' म्हणतात. आपल्याकडचा दुकानदार भवानीचे पैसे कपाळाला लावतो, तसेच इथले जुने दुकानदार पहिली नोट हनुवटीला लावतात किंवा जमिनीवर टाकून उचलतात आणि म्हणतात, "सिफ्ताह सेंदेन, बेरेकेत अल्लाहतान." पहिली विक्री तुझ्याकडून, बरकत देवाकडून, असा त्याचा अर्थ आहे. भवानी होईपर्यंत गिऱ्हाईक परत पाठवू नये ही भावना इथेही आहे, त्यामुळे त्या वेळी भाव थोडा सैल असतो. तथापि त्याचा गैरफायदा घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

कामात असलेल्या कारागिराजवळ जाताना 'कोलाय गेल्सिन' म्हणावे, म्हणजे तुमचे काम सोपे होवो, आणि निघताना 'हायिर्ली इश्लेर' म्हणावे, म्हणजे धंद्याला बरकत येवो. हे दोन शब्दप्रयोग उच्चारले की पुढचे संभाषण निराळ्या पातळीवर होते.

सांजवात

माझे माहेर सराफी पेढीचे आहे, म्हणून सोन्याविषयी लिहिते. 'सराफ' हा शब्दही दोन्हीकडे एकच आहे, तिकडे तो मुख्यतः नाणी आणि चलन बदलून देणाऱ्यासाठी वापरला जाई.

काल्पाकचिलारवरच्या दुकानांत बांगड्या प्रामुख्याने २२ कॅरटच्या असतात आणि त्यावर ९१६ चा ठसा असतो. नाजूक दागिने १४ कॅरटचे असतात आणि त्यावर ५८५ चा ठसा असतो. चांदीवर ९२५ पाहावे. सोन्याचा त्या दिवसाचा भाव सर्व दुकानांत जवळपास सारखाच असतो, त्यामुळे त्यावर घासाघीस होत नाही. फरक पडतो तो घडणावळीत. तुर्की लोक तिला 'इश्चिलिक' म्हणतात. दुकानात विचारताना सोन्याचे वजन, दर आणि घडणावळ हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. जो दुकानदार तिन्ही मिळून एकच आकडा सांगतो आणि फोड करून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. आणि भारतात परतताना सीमाशुल्काचे नियम त्या वेळी काय आहेत ते आधी पाहून घ्यावे, कारण ते बदलत असतात.

दागिने घडतात ते चुहाजी हानमध्ये आणि आसपासच्या माड्यांवर. मी तिथे एका कारखान्यात तासभर बसले होते. कारागिरांच्या मांडीवर कातड्याची झोळी होती, कानशीने घासताना पडणारा कीस तिच्यात साठत होता. संध्याकाळी जमीन झाडून तो केर एका डब्यात भरला गेला. विचारल्यावर कळले की त्या केराला 'रामात' म्हणतात आणि त्यातून सोने वेगळे काढणारे लोक तो विकत घेतात. माझ्या आजोबांच्या पेढीवर झारेकरी यायचे आणि पेढीसमोरची मातीसुद्धा झाडून न्यायचे, ते मला तिथे उभे असताना आठवले. हात धुतलेले पाणीही ते लोक पिंपात साठवतात आणि गाळतात.

दीपमाळ

माझा अनुभव चांगला नाही, परंतु इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहितो. चार वर्षांपूर्वी आम्ही बाजारातल्या एका दुकानातून चार फूट लांबीचा रेशमी गालिचा घेतला. दुकानाचे नाव लिहीत नाही. मालकाने तो पायांखाली उलटसुलट फिरवून दाखवला, एका बाजूने फिकट आणि दुसऱ्या बाजूने गडद दिसत होता, आणि हेच अस्सल रेशमाचे लक्षण असे आम्हांला सांगितले गेले. कोपऱ्यात 'हेरेके' असे विणलेले होते. घरी आणल्यावर दोन वर्षांत जिथे पाय पडत होते तिथली लव बसली आणि चमक गेली. जाणकारांना दाखवल्यावर कळले की त्यात रेशमाचा एकही धागा नाही. आम्ही त्यासाठी चार महिन्यांची बचत दिली होती, आणि पत्नीने फार हौसेने तो निवडला होता. अशा वेळी दुकानातच काय तपासायला हवे होते?

निशिगंध

दीपमाळ, वाचून वाईट वाटले. मी वस्त्रशास्त्राची शिक्षिका आहे आणि गालिच्यांचा अभ्यास करते. तुम्हांला सांगितलेले लक्षण अर्धेच खरे आहे, कारण लव एका दिशेला झुकलेली असली की कोणत्याही चमकदार धाग्याचा गालिचा दोन बाजूंनी दोन छटांचा दिसतो. बाजारात 'फ्लोश' नावाने ओळखला जाणारा कृत्रिम रेशीमधागा याच कारणासाठी वापरला जातो.

पहिली परीक्षा ज्योतीची आहे. कडेचा एक लहानसा धागा मागून घ्यावा आणि जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटांत चुरडली जाणारी काळी गुठळी उरते, तर फ्लोशला कागद जळल्याचा वास येतो आणि राखाडी राख होते. अस्सल माल विकणारा दुकानदार हा धागा आनंदाने काढून देतो, बहुतेक वेळा स्वतःच देऊ करतो.

दुसरी गोष्ट झालरीची. हाताने विणलेल्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचेच, म्हणजे मागावरचे उभे, धागे असतात, ते गालिच्याच्या अंगातून बाहेर आलेले असतात. यंत्रावरच्या गालिच्याला झालर मागाहून शिवलेली असते आणि उलट्या बाजूने ती शिवण दिसते. लव बोटांनी फाकवून मुळाशी पाहावे, हातविणीत प्रत्येक धाग्याच्या तळाशी गाठ दिसते. तुर्की गाठ ताण्याच्या दोन्ही धाग्यांना विळखा घालून मधून बाहेर येते, इराणी गाठ एकाच धाग्याला पूर्ण विळखा घालते. तुर्की पद्धतीची वीण त्यामुळे भरीव आणि टिकाऊ असते, इराणी पद्धतीत वळणदार नक्षी अधिक बारीक साधते.

हेरेके हे इझमितच्या आखाताजवळचे गाव आहे. १८४३ मध्ये तिथे शाही कारखाना सुरू झाला आणि दोल्माबाहचे राजवाड्यासाठी त्याने कापड आणि गालिचे पुरवले. त्या नावाला किंमत असल्यामुळे ते इतरत्र विणलेल्या गालिच्यांतही घातले जाते, म्हणून कोपऱ्यातल्या अक्षरांवर विसंबून राहू नये.

माझा सल्ला असा आहे की पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रेशमाच्या वाटेला जाऊच नये. लोकरीचा किलीम, म्हणजे सतरंजीसारखे सपाट विणलेले जाजम, घ्यावा. किलीमला लव नसते, तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, घडी करून बॅगेत बसतो आणि त्यात फसवणुकीला जागा कमी असते. रंग एकाच पट्ट्यात जर हलकासा वर-खाली झालेला दिसला तर तो दोष समजू नये. लोकर थोडी थोडी करून रंगवली की असे होते, त्याला 'अब्राश' म्हणतात, आणि मला स्वतःला तो पट्टा सगळ्यांत देखणा वाटतो.

दीपमाळ

मनःपूर्वक आभार. झालर आत्ताच उलटून पाहिली, शिवलेली आहे.

तपेली

चिनी मातीच्या निळ्या-लाल थाळ्यांबद्दल कुणी सांगेल का? दहा ठिकाणी दहा भाव दिसले. एकाच नक्षीची थाळी एका दुकानात जेवणाच्या किमतीत होती आणि दुसऱ्या दुकानात विमानाच्या तिकिटाच्या किमतीत.

मृदगंध

तपेली, मलाही हाच गोंधळ पडला होता आणि तो सुटला एका मशिदीत. बाजारातून उताराने खाली तहताकालेत गेल्यावर रुस्तेम पाशा मशीद लागते. उस्मानी वास्तुकार मिमार सिनानने बांधलेली, सोळाव्या शतकातली, दुकानांच्या वर उभारलेली ही लहानशी मशीद इझनिक गावच्या रंगीत फरशांनी जमिनीपासून घुमटापर्यंत मढवलेली आहे. तिथल्या लाल रंगाकडे जवळून पाहावे. तो पृष्ठभागापासून किंचित वर उचललेला, पोवळ्यासारखा दिसतो. हात लावू नये, तिरक्या उजेडातही ते कळते. अर्धा तास तिथे थांबून मग दुकानात गेल्यावर डोळा आपोआप निवड करू लागतो.

इझनिकच्या मालात मातीपेक्षा गारगोटीची पूड फार मोठ्या प्रमाणात असते. ती भाजायला अवघड असते आणि भट्टीत बरेच नग वाया जातात, म्हणून किंमत चढते. बाजारातला बहुतेक माल कुताह्या शहरातला असतो, तोही चांगला हाताने रंगवलेला मिळतो, मात्र त्याला इझनिक म्हणून विकले जात असेल तर सावध व्हावे. सर्वांत स्वस्त थाळ्यांवर नक्षी छापून चिकटवलेली असते. रेषेची जाडी कुठेच बदलत नसेल आणि दोन थाळ्यांवरची पाने तंतोतंत एकसारखी असतील, तर ती छापील समजावी. कुंचल्याची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती होते. तुर्की भाषेत 'चिनी' या नावाने ओळखली जाणारी ही कला २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली आहे. थाळीत अन्न वाढायचे असेल तर तसे स्पष्ट विचारून घ्यावे, कारण शोभेच्या थाळ्यांचा लुकण, म्हणजे वरचा चकचकीत थर, खाण्यासाठी सुरक्षित असेलच असे नाही.

पश्चिमवारा

धाग्यातली माहिती उत्तम आहे, तरी एक वेगळा मुद्दा मांडतो. येथे सर्वांनी कारागिरांकडूनच घ्यावे असा सूर दिसतो. परंतु मध्यमवर्गीय माणूस कर्ज काढून परदेशी जातो आणि परत येताना त्याला शेजारी, कार्यालयातले सहकारी, मामा-मावश्या अशा वीस जणांसाठी काहीतरी आणायचे असते. त्याने चांदीच्या डब्या घ्याव्यात का? स्वस्त वस्तू विकणाऱ्या दुकानदारालाही घर आहे.

पैलतीर

पश्चिमवारा, तुमचा मुद्दा योग्य आहे. स्वस्त आणि तरीही तिथलीच अशी वस्तू शोधता येते, फक्त कोणती ते ठाऊक हवे.

यालिकचिलार गल्लीत पेश्तेमाल मिळतात. हमामात गुंडाळायचे हे सुती पंचे देनिझली भागात विणले जातात. आपल्या पंच्यासारखेच पातळ, पटकन वाळणारे आणि वजनाला हलके असल्यामुळे वीस घेतले तरी बॅग भरत नाही. त्यांच्या टोकाचे गोफ हाताने वळलेले असतात. निळ्या डोळ्याचे मणी इझमीरजवळच्या नाझारकोय गावात आजही भट्टीवर हाताने केले जातात. हाताने केलेल्या मण्यात काचेत बुडबुडे दिसतात आणि कडा थोडी वेडीवाकडी असते, साच्यातला मणी गुळगुळीत आणि प्लास्टिकचा असेल तर वजनाला अगदी हलका असतो. एब्रूचे कागद, म्हणजे पाण्यावर रंग सोडून उचललेल्या नक्षीचे कागद, बेयाझितच्या दाराजवळच्या साहाफलार या पुस्तकांच्या चौकात मिळतात.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहावे. एमिन्योनूच्या मिसिर चार्शीत, म्हणजे १६६४ मध्ये पूर्ण झालेल्या मसाल्यांच्या बाजारात, 'तुर्की केशर' म्हणून फार स्वस्तात जे मिळते ते केशर नसून करडईच्या फुलांच्या पाकळ्या असतात. सोलापूरकडच्या लोकांनी तर ते विकत घेऊ नयेच.

जुन्या वस्तूंविषयीही सावध राहावे. पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यास तुर्कस्तानात कायद्याने बंदी आहे. गालिचा किंवा भांडे जुने दिसत असेल, तर ते नेण्यास हरकत नाही असे वस्तुसंग्रहालयाचे पत्र दुकानदाराकडून मागून घ्यावे. विमानतळावर हे प्रकरण गंभीरपणे घेतले जाते.

पश्चिमवारा

पंच्यांची कल्पना पटली. आभार.

करवंद

आम्ही परवा परत आलो. सर्वांच्या सूचना आम्ही अक्षरशः पाळल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

नूरुओस्मानियेच्या दाराने नऊ वाजता आत गेलो. सासूबाई झिंजिर्ली हानमध्ये कारंज्याजवळ बसल्या आणि मी किलीम पाहत फिरले. निशिगंध यांनी लिहिलेला अब्राश मला तिसऱ्या दुकानात दिसला, विटकरी रंगाच्या पट्ट्यात मधेच गाजरी छटा होती, आणि तोच किलीम घेतला. दुपारी बेयाझितच्या दाराबाहेर बाकिर्जिलार म्हणून जो रस्ता आहे, तिथे तांब्याची भांडी पाहायला गेलो. एका लहान दुकानात कॉफी करायचे तांब्याचे जुने भांडे होते, लांब दांड्याचे, ज्याला ते 'जेझवे' म्हणतात. आतून कथील उडाले होते आणि तांबे दिसत होते. दुकानदाराने खुणेने सांगितले की 'कालाय' करून देतो, थांबा.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा कल्हई म्हणतोय." आणि खरोखरच तसेच होते. दुकानामागच्या बोळात भट्टी होती. त्याने भांडे तापवले, आत पांढरी पूड टाकली, कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात ते आतून पुसले. धुराचा तो उग्र वास आल्याबरोबर सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "नवसागर." त्या माणसाने मान वर करून पाहिले आणि म्हणाला, "निशादिर." मग त्या दोघांनी आळीपाळीने आपापला शब्द उच्चारून दाखवला. लहानपणी नाशिकला दारात भाता लावून बसणारा कल्हईवाला त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि समोरच्या माणसाला नाशिक कुठे आहे हे सांगायला आमच्यापाशी शब्द नव्हते. त्याने कल्हईचे वेगळे पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी पर्समधली शेंगदाण्याची चिक्की त्याला दिली.

पैलतीर किंवा आणखी कुणी सांगू शकेल का की या भांड्यात रोज कॉफी केली तर कल्हई किती काळ टिकते?

पैलतीर

ते वापरावर अवलंबून आहे. रिकामे भांडे आचेवर ठेवू नये, कारण कथील कमी उष्णतेलाच वितळते. लोखंडी घासणीने घासू नये, लाकडी चमचा वापरावा आणि आंबट पदार्थ त्यात करू नये. एवढे पाळल्यास घरगुती वापरात काही वर्षे सहज निघतात. आत बोटभर जागेत तांबूस रंग दिसू लागला की मात्र वापर थांबवावा आणि पुन्हा कल्हई करून घ्यावी. पुण्यात तांबट आळीत आजही तांब्याची भांडी घडवणारे आहेत, कल्हई कोण करून देईल हे ते सांगू शकतील, त्यासाठी इस्तंबूलला यावे लागणार नाही. मात्र सासूबाईंना घेऊन पुन्हा आलात तर मला जरूर कळवा, काल्जिलार हानमधल्या चांदीच्या कारागिरांकडे आपण एकत्र जाऊ.